मी ड्रायव्हर बदलतो

आमच्या घरी मोटार नाही, कधी नव्हती. पण ‘ड्रायव्हर’ हा शब्द मात्र मी अगदी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दर वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमचे दादा, म्हणजे माझे वडील, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ खाली उतरवीत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारीत, “अगं, माझा ड्रायव्हर कुठं ठेवलास?” चकलीच्या घाण्यावरून नजर न काढता आई सांगे, “शिवणाच्या डब्यात!” हा ड्रायव्हर म्हणजे लाकडी मुठीचा, वीतभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर. तो सापडला की दादा जमिनीवर जुने धोतर अंथरीत, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवीत आणि घड्याळ उघडीत.

त्यांच्या उघडण्याला एक पद्धत होती. निघालेला पहिला स्क्रू धोतराच्या डाव्या कोपऱ्यात. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा त्याच्याही शेजारी. प्रत्येकाजवळ खडूने आकडा. तेलपाणी झाले की शेवटच्या आकड्यापासून उलटे मोजीत ते घड्याळ मिटवीत आणि पहिल्या आकड्याचा स्क्रू सर्वांत शेवटी बसे. मला या संथ कारभाराचा फार कंटाळा येई. एकदा मी विचारले, “दादा, एवढे आकडे कशाला?” तेव्हा ते म्हणाले, “अरे, उघडणारे पुष्कळ भेटतील. मिटता आलं पाहिजे.”

हे वाक्य मी पुढे पस्तीस वर्षे बँकेत नोकरी करताना अनेक नवशिक्या कारकुनांना ऐकवले. शहाणपण हे दुसऱ्याला सांगण्यासाठीच असते, अशी बहुधा माझी समजूत असावी. कारण ज्या दिवशी ते मला स्वतःला वापरायचे होते, नेमके त्या दिवशी ते आठवले नाही. त्या दिवसाची गोष्ट सांगतो. तीही एका ड्रायव्हरचीच आहे.

आमची कन्या वास्तुशास्त्र शिकत होती. हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्याच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने एक संपूर्ण इमारत कल्पून, तिचे नकाशे, देखावे आणि प्रतिकृती करून परीक्षकांपुढे उभे राहायचे असते. कन्येने विषय घेतला होता तालुक्याच्या गावच्या एस.टी. स्थानकाचा. “एस.टी. स्टँडला कसली आलीय वास्तुकला?” असे मी म्हटल्याबरोबर तिने मला विचारले, “बाबा, तुम्ही आयुष्यात एस.टी. स्टँडवर किती तास काढलेत?” त्यानंतर मी त्या विषयावर बोललो नाही.

या अभ्यासासाठी तिने तिसऱ्या वर्षी एक कॉम्प्युटर जुळवून घेतला. त्यात एक ग्राफिक्स कार्ड होते. त्याची किंमत ऐकून मी हबकलो. “अगं, एवढ्यात तुझ्या आईला पाटल्या झाल्या असत्या!” मी म्हणालो. सौ. म्हणाली, “मला पाटल्या नकोत. तिला कार्ड घ्या.” घरात बहुमत कुणाकडे असते हे संसारी वाचकांना सांगायला नको. कार्ड आले.

ते कार्ड काय काम करते, हे कन्येने मला आकड्यांत सांगितले. कारण बँकेतल्या माणसाला दुसरी भाषा कळत नाही. आपल्यासमोरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साध्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. मी लगेच गुणाकार केला : 20 लाख 73 हजार 600. ही रांगोळी कार्ड सेकंदाला 60 वेळा पुसते आणि 60 वेळा पुन्हा घालते. म्हणजे सेकंदाला 12 कोटी 44 लाखांहून अधिक ठिपके! शिवाय स्थानकाच्या छपरातून सकाळचे ऊन फलाटावर कसे पडेल, ओल्या फरशीत त्याचे प्रतिबिंब कसे दिसेल, याचा हिशेबही तेच करते. असा एकेक देखावा पुरा व्हायला तास-दीड तास लागे. त्या वेळी कार्डाचे पंखे असे घोंघावत की, सौ. आपली पिठाची गिरणी सुरू झाली म्हणे.

आणि ड्रायव्हर? तो या कार्डाचा. तो म्हणजे एक प्रोग्राम. त्याचे काम मला आमच्या जुन्या शाखेवरून चटकन कळले. आमच्या शाखेत मॅनेजर होते आणि रेकॉर्डरूम होती. पण दोघांची गाठ घालून देणारा एकच शिपाई होता. साहेबांनी चिठ्ठी लिहायची, ती शिपायाने वाचायची आणि नेमके बाड काढून आणायचे. विंडोज म्हणजे साहेब, कार्ड म्हणजे रेकॉर्डरूम आणि ड्रायव्हर म्हणजे हा शिपाई. तो रजेवर गेला की साहेबही बिनकामाचे आणि रेकॉर्डरूमही.

असो. 2025 सालच्या मे महिन्यातली संध्याकाळ होती. कन्येची परीक्षा परवावर आली होती. ती मैत्रिणीकडे प्रतिकृती पुरी करायला गेली होती आणि रात्री येऊन शेवटचे सहा देखावे काढणार होती. जाताना तिने सांगितले होते, “बाबा, ठेवींचा हिशेब करायचा असेल तर करा. बाकी कशाला हात लावू नका.”

मी ठेवींचाच हिशेब करीत होतो. इतक्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली : ग्राफिक्स कार्डासाठी नवा ड्रायव्हर उपलब्ध आहे. मी चष्मा सारखा करेपर्यंत ती मावळलीही. माझ्या मनात आले, पोरगी रात्रभर जागणार. नवा ड्रायव्हर घातला तर काम तेवढेच लवकर होईल. तिने न सांगता आपण तिच्यासाठी काही करावे, असेही वाटले. बापाच्या हातून होणाऱ्या बऱ्याच चुकांचा उगम अशा प्रेमळ विचारांत असतो.

मी गुगलवर शोध घेतला. सर्वांत वर जे नाव आले त्यावर टिचकी मारली. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिले होते, हे मला मागाहून दाखवण्यात आले. तिथून एक प्रोग्राम उतरला. त्याने यंत्राची तपासणी केल्यासारखे केले आणि लाल अक्षरांत जाहीर केले की, या कॉम्प्युटरातले वीस-बावीस ड्रायव्हर जुनाट झाले असून धोका गंभीर आहे. एखाद्या वैद्याने नाडीला हात लावताच वीस रोग सांगितले तर आपण उठून बाहेर येतो. मी मात्र ‘सर्व बदला’ या बटणावर बोट ठेवले.

एक हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. ती निम्म्यावर आली आणि पडदा अचानक काळा झाला.

खरे म्हणजे तेव्हा काहीच बिघडले नव्हते. ड्रायव्हर बदलताना पडदा काही सेकंद काळा होतोच; एकदा नव्हे, दोन-तीनदाही होतो. जुना शिपाई किल्ल्या मेजावर ठेवतो, नवा त्या उचलतो, एवढाच तो वेळ. पण मला ते ठाऊक नव्हते. मी दहापर्यंत मोजले, आणि घाबरून कॉम्प्युटरचे बटण चांगले पाच-सहा सेकंद दाबून धरले. पंखे थांबले. जुन्याने किल्ल्या ठेवल्या होत्या, नव्याने उचलल्या नव्हत्या, आणि त्या क्षणी मी शाखेचे शटर ओढून घेतले.

पुन्हा बटण दाबले. कंपनीचे चिन्ह आले, गेले, आणि मागे राहिला काळा पडदा. तीनदा तेच झाले.

सौ. हात पुसत बाहेर आली. “काय झालं?”

“काही नाही. ड्रायव्हर बदलत होतो.”

“तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?” एवढेच बोलून ती आत गेली. तिने भांडण केले असते तर बरे झाले असते.

साडेसात वाजले होते. कन्या साडेनऊला यायची होती. ते दोन तास मी दिवाणखान्यात दादांच्या घड्याळाखाली बसून काढले. घड्याळात मात्र चार वाजून वीस मिनिटे झाली होती. 2009 पासून त्यात तेवढेच वाजले आहेत.

त्या वर्षी कन्या सात वर्षांची होती. आदल्या वर्षी दादा गेले होते. तोवर दर दिवाळीला ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसून बॅटरी धरायची. दादा गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीत मी बँकेतून घरी आलो तो दादांचे घड्याळ जमिनीवर उघडे पडलेले, आणि ही हातात ड्रायव्हर घेऊन बसलेली. दादांची एवढीच एक चालती वस्तू माझ्यापाशी उरली होती. मी तिच्या फाडकन थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली, पण मारली. ती रडली नाही. त्यानंतर घड्याळ लागले नाही. रिकामी पेटी तेवढी मी भिंतीवर परत टांगली.

आता तिच्या पाच वर्षांच्या श्रमांवर मी काळा पडदा टाकून बसलो होतो. तिने काय बोलावे याचा मसुदा मी मनातल्या मनात तिच्या वतीने तयार केला. तो फार कडक होता आणि त्यातला प्रत्येक शब्द मला मान्य होता.

ती आली. मी उभा राहिलो. सर्व सांगितले. तिने पिशवी खाली ठेवली, एकदा पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “बाबा, काय काय केलंत ते क्रमानं सांगा. काही गाळू नका.”

मी जबानी दिली. ती ऐकून म्हणाली, “बरं. पहिली गोष्ट, माझं काम कुठंही गेलेलं नाही. ड्रायव्हर म्हणजे चित्र दाखवणारा. तो पडला म्हणून फायली पुसल्या जात नाहीत. शिवाय सगळ्याची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर आहे आणि एक मैत्रिणीकडे आहे. तुम्ही आधी पाणी प्या.”

मसुद्यात हे वाक्य नव्हते.

मग तिने कामाला सुरुवात केली. विंडोजचे बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशा चार कळा तिने एकदम दाबल्या. त्याने ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. आमचे भागले नाही. तेव्हा तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि तो उठतो न उठतो तोच बंद केला. असे दोन-तीनदा केले.

“अगं, हेच तर मी केलं!” मी ओरडलो.

“तुम्ही घाबरून केलंत, मी मोजून करतेय. विंडोजला लागोपाठ उठता आलं नाही की ती आपण होऊन दुरुस्तीचं पान उघडते.”

आणि तसेच झाले. निळे पान आले. पण तिथून पुढे जाण्याआधी यंत्राने 48 आकड्यांची एक किल्ली मागितली. डिस्कला कुलूप असते, चोराने कॉम्प्युटर नेला तरी त्याला आतले वाचता येऊ नये म्हणून. ही त्या कुलपाची किल्ली. कॉम्प्युटर घेतला तेव्हा कन्येने ती कागदावर छापून आईजवळ दिली होती. “आता कागदावर किल्ल्या ठेवायचे दिवस राहिले का?” असे मी तेव्हा हसून म्हटल्याचे मला स्वच्छ आठवले. सौ.ने कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात रेशनकार्ड, माझा पेन्शनचा हुकूम आणि तो कागद होता. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. सौ. वाचीत होती, कन्या टाइप करीत होती आणि मी टाइप केलेले पडताळून पाहत होतो. बँकेत रोख मोजताना असते तशी शांतता घरात पसरली होती. अठ्ठेचाळिसावा आकडा पडला आणि कुलूप उघडले.

मग एक काळा पडदा आला. पण हा जिवंत होता. अक्षरे ढोबळ, रंग गेलेले आणि चारी कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ असे लिहिलेले. आजारी माणसाला आपण मऊ भात देतो तसा हा कॉम्प्युटरचा पथ्याचा आहार. यात कार्डाचा खास ड्रायव्हर सुरूच होत नाही. विंडोज आपल्या जवळच्या साध्यासुध्या ड्रायव्हरवर भागवते. म्हणून बिघडलेला ड्रायव्हर काढायला हीच जागा बरी.

‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाच्या यादीत कार्डाच्या नावापुढे ‘रोल बॅक ड्रायव्हर’, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जा, असे बटण असते. ते मात्र फिकट पडलेले होते, दाबले जात नव्हते. माझी नेमणूक अर्धवट झाल्यामुळे परत कुठे जायचे याची नोंदच राहिली नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. कन्या म्हणाली, “अजून एक वाट आहे.” एक मे रोजी तिने ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवला होता. ही विंडोजने आपल्या व्यवस्थेची काढून ठेवलेली नोंद. तिच्यावर परत गेले की मधे घातलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर उलटतात. आपली पत्रे, चित्रे, नकाशे यांना धक्का लागत नाही. ती सोय पुष्कळ कॉम्प्युटरांत मुळात बंद असते. आधी आपण सुरू करावी लागते.

अर्ध्या-पाऊण तासाने यंत्र उठले. माझे वीस-बावीस पाहुणे निघून गेले होते. तरी कार्डाच्या ड्रायव्हरचे काही अवशेष राहिले असतील, म्हणून तिने इंटरनेटची वायर काढली. वायर का काढली? तर मधल्या वेळात विंडोजने आपल्या मर्जीने एखादा ड्रायव्हर आणून बसवू नये म्हणून. मग पुन्हा पथ्याच्या आहारावर जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने सारी जागा झाडून घेतली, आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला, चालल्याची खात्री असलेला जुना ड्रायव्हर पुन्हा बसवायला घेतला. पट्टी निम्म्यावर आली. पडदा काळा झाला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो. एक, दोन, तीन, चार... आणि पडदा उजळला. पुन्हा एकदा काळा झाला, पुन्हा उजळला. नंतर तिचे एस.टी. स्थानक त्यावर उभे राहिले. फलाटावर सकाळचे ऊन पडलेले.

साडेबाराला पहिला देखावा सुरू झाला आणि गिरणी घोंघावू लागली. सौ. झोपायला गेली. मी म्हणालो, “तू पड थोडी. मी लक्ष ठेवतो. हात लावणार नाही.” ती हसली, पण गेली नाही. चहा करून घेऊन आली.

थोड्या वेळाने मी म्हटले, “तू मला काहीच बोलली नाहीस.”

“बोलून काय झालं असतं? तुम्ही जे सांगितलंत ते क्रमानं सांगितलंत. तेवढ्यावर मला परत जाता आलं.” मग चहाचा एक घोट घेऊन ती म्हणाली, “बाबा, मीसुद्धा क्रमानंच ठेवले होते.”

“काय?”

तिने घड्याळाकडे पाहिले. “स्क्रू. आजोबा धोतरावर ठेवायचे तसे. मला धोतर सापडलं नाही म्हणून पेपर अंथरला होता. पेन्सिलीनं आकडेही घातले होते. चौदापर्यंत. तुम्ही आलात आणि पेपर खस्‌कन ओढलात.”

मी काय बोलणार? सोळा वर्षे माझ्या आठवणीत त्या जमिनीवर सुटे भाग विखुरलेलेच होते. ते विखुरले कुणी, हे मी कधी विचारले नव्हते. सात वर्षांच्या त्या पोरीने परतीची वाट चौदा आकड्यांपर्यंत आखून ठेवली होती आणि ती पुसून टाकणारा मी होतो. घड्याळ तिने बंद पाडले नव्हते. मी पाडले होते.

“तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. पंखे घोंघावत होते. मी म्हणालो, “माझं चुकलं.” सोळा वर्षे उशिरा म्हणालो; पण म्हणालो. ती काही बोलली नाही. माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपी गेली. मी पहाटेपर्यंत हललो नाही.

सकाळी साडेनवाला सहावा देखावा पुरा झाला. परीक्षा नीट पार पडली. परीक्षकांपैकी एकजण त्या उन्हाच्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते, असे तिने सांगितले.

पुढे ती नोकरीसाठी अहमदाबादला गेली. कॉम्प्युटर घरीच राहिला. जाण्यापूर्वी तिने मला समोर बसवून माझ्या डायरीत काही कलमे लिहून घ्यायला लावली. ती इथे देतो. कुणा बापाच्या उपयोगी पडतील.

कलम पहिले : गरज असेल तरच ड्रायव्हर बदलावा, आणि महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी तर मुळीच नाही. पण ‘कधीच बदलणार नाही’ हेही बरोबर नव्हे. वरच्या मजल्यावरचे नाना तसा बाणा मिरवतात. परंतु ड्रायव्हरमध्येही सुरक्षिततेची भोके सापडतात आणि कंपन्या ती नव्या आवृत्तीत बुजवतात. तेव्हा सवडीच्या दिवशी, पण बदलावा.

कलम दुसरे : आपल्या कार्डाचे नाव ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पाहून कागदावर लिहावे.

कलम तिसरे : ड्रायव्हर फक्त कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडून घ्यावा. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल सगळ्याच तो फुकट देतात. पैसे मागणारा किंवा भीती घालणारा मधला माणूस ओळखून असावा. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीकडे पाहावे.

कलम चौथे : अगदी ताज्या आवृत्तीवर पहिल्या दिवशी उडी घेऊ नये. मार्च 2010 मध्ये एनव्हिडियाला आपला 196.75 क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता. त्याने कार्डाचे पंखे नीट फिरत नाहीत अशा तक्रारी आल्या होत्या. चार दिवस थांबणाऱ्यांचे काही अडले नाही. हीच कंपनी 2019 पासून खेळणाऱ्यांसाठी एक आणि चित्रे-चित्रफितींचे काम करणाऱ्यांसाठी ‘स्टुडिओ’ नावाचा दुसरा, असे दोन प्रकारचे ड्रायव्हर देते. काम करणाऱ्याने दुसरा घ्यावा.

कलम पाचवे : आधी कामाची नक्कल बाहेर ठेवावी. रिस्टोअर पॉइंट करावा. जुना चालता ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवावा. 48 आकड्यांची किल्ली कागदावर असावी आणि तो कागद घरातल्या शहाण्या माणसाकडे असावा. (आमच्याकडे तो कुणाकडे आहे, हे वर आलेच आहे.)

कलम सहावे : वीज जाणार नाही अशी वेळ पाहावी. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा. बाकीचे प्रोग्राम बंद करावेत.

कलम सातवे : पडदा काळा झाला तर हात पाठीमागे बांधावेत. पंधरा मिनिटे घड्याळ लावून थांबावे.

कलम आठवे : झाल्यावर यंत्र बंद करून सुरू करावे आणि नेहमीचे काम करून पाहावे. काही बिनसले तर त्याच दिवशी जुन्यावर परत यावे. एका बिघाडावर दुसरा उपाय चढवीत बसू नये.

हे लिहून घेताना मला माझीच लाज वाटत होती. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा कित्येक महिने आम्ही लेजरही लिहीत होतो आणि कॉम्प्युटरही चालवीत होतो. रोज संध्याकाळी दोन्हीकडची बेरीज जुळली तरच घरी जायचे. लेजर इतक्यात बंद करू नका, असा आग्रह धरणारा मीच होतो. मोठमोठ्यांनाही याचा विसर पडतो म्हणा. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीची एकच सदोष दुरुस्ती जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख कॉम्प्युटर आडवे झाले. आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. आणि त्यांतल्या कित्येक यंत्रांना उठवायला शेवटी माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन तोच पथ्याचा ‘सेफ मोड’ उघडला! माझा पडदा एकच होता, एवढाच फरक.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी एकट्याने ड्रायव्हर बदलला. डायरी उघडी ठेवून, एकेका कलमावर खूण करीत. पडदा काळा झाला तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो आणि तुळशीला पाणी घातले. परत आलो तो सर्व जागच्या जागी होते. मी अहमदाबादला फोन करून सांगितले, “बदलला.” ती म्हणाली, “रिस्टोअर पॉइंट?” मी म्हणालो, “केला.” ती म्हणाली, “शाब्बास, बाबा.” इतक्या वर्षांच्या नोकरीत मला दोन बढत्या मिळाल्या; पण अशी शाबासकी मिळाली नव्हती.

दिवाळीला ती चार दिवस घरी आली. आधीच्या रविवारी सौ.ने माळ्यावरून एक बोर्नव्हिटाचा डबा खाली काढला. त्यात घड्याळाचे सगळे भाग होते. त्या संध्याकाळी माझ्या नकळत एकेक वेचून तिने ठेवले होते. आमच्या घरातला खरा रिस्टोअर पॉइंट कोणता, हे मला त्या दिवशी कळले. मी जुने धोतर अंथरले. शिवणाच्या डब्यातून ड्रायव्हर काढून कन्येच्या हाती दिला आणि बॅटरी मी धरली. एक खीळ कमी भरली. ती घड्याळजींकडून आणली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घड्याळात सोळा वर्षांनी चार वाजून एकवीस मिनिटे झाली.

आता ते चालते. दिवसाला सात मिनिटे मागे पडते. ते नीट कसे करावे, याबद्दल माझ्या मनात काही कल्पना आहेत. पण कन्या पुढच्या दिवाळीला येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.